सव्वादहा तासांचा प्रवास

कपाटातून घराचे कागद गेले होते. कुलूप शाबूत, किल्ली जागच्या जागी. सकाळी सहाला ताईने परदेशातल्या धाकट्या भावाला फोन लावला.

"मावशीच," तो म्हणाला. "घरात दुसरं आहे कोण? मिळेल त्या विमानाने निघतो."

मावशी म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं चार वर्षं सगळं करणारी बाई. "मी कपाटाला हातही लावला नाही," एवढंच ती म्हणाली. तरी ताईने तिची पिशवी उपसली. काही सापडलं नाही.

ताई आधीच वैतागलेली. विमानांचे मार्ग आखणं हे तिचं काम, आणि पश्चिमेच्या वाऱ्याने आठवडाभर तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. पूर्वेकडून येणारं एक विमान वेळेवर उतरेल तर शपथ!

संध्याकाळी सातला भाऊ दारात हजर.

"पोलिसांना बोलावलंस?"

"तुझीच वाट पाहत होते. आता फोन लावतेच आहे. प्रवास कसा झाला?"

"मस्त. आपल्या घड्याळाने आठला निघालो, सव्वादहा तासांत इथे."

"मध्ये कुठे थांबलं?"

"छे, थेट."

"अंतर किती रे?"

"साडेआठ हजार किलोमीटर. परीक्षा घेतेस का माझी?"

ताईने हातातला फोन खाली ठेवला.

"अंतर बरोबर. वेळही बरोबर, पण वारा नसता तर. इंटरनेटवर पाहिलास ना? तिथे अंतराला वेगाने भागतात आणि मोकळे होतात. पण तुझा देश पूर्वेला, तिकडून येताना हा पश्चिमेचा वारा समोरून लागतो. या आठवड्यात साडेबारा तासांच्या आत कुणी आलेलं नाही. ते मार्ग मीच आखलेत. आठचं विमान अजून आकाशात आहे, आणि तू माझ्यासमोर बसलायस. म्हणजे सकाळी मी फोन केला तेव्हा तू याच गावात होतास."

"ताई, काहीतरीच काय!"

"किल्ली जुन्या रेडिओच्या पोटात असते, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. तू परदेशात, म्हणून मावशीला ती कशीतरी सापडली असेल असं धरून चालले मी. मावशीला कुलूप फोडावं लागलं असतं. उद्यापर्यंत थांबला असतास तर पचलं असतं तुला. पण तिला आजच्या आज पकडून द्यायची घाई नडली. बॅग उघड."

त्याने बॅग उघडली नाही. मान खाली घातली.

"नोकरी गेली. तीन आठवडे झाले इथे येऊन. घराला गिऱ्हाईक बघितलंय, त्याला कागद दाखवायचे होते."

"तीन आठवडे! बाबांना तोंडही दाखवलं नाहीस?"

"परवा आलो होतो ना. मावशी औषध आणायला गेली होती. बाबा झोपले होते, उठवलं नाही."

ताईला रडू आवरेना. ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता. वर एका गरीब बाईवर आळ घेऊन मोकळा.

डोळे पुसून ती स्वयंपाकघरात गेली. मावशीने सगळं ऐकलं होतं. पिशवी भरून ती उभीच होती.

"मावशी, चुकलं माझं."

"वाऱ्याने साक्ष दिली तेव्हा पटलं तुम्हाला," मावशी म्हणाली. "मी सकाळीच सांगितलं होतं, ते नाही पुरलं."

तिने चपला घातल्या.

"बाबांचं नऊचं औषध तुम्ही द्या."