माझ्या समक्ष

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावापासून चार कोसांवर, चामोर्शीच्या वाटेला लागून एक गाव आहे. नाव सांगत नाही. या गोष्टीतली काही माणसं अजून आहेत. देवाच्या दारी ती आपला जाब आपण देतील.

सन सत्तावनात तिथल्या हायस्कुलाला तिसरं वर्ष लागलं होतं. प्रयोगशाळा म्हणजे मालगुजाराची जुनी धानाची कोठी. जाड भिंती, एकच खिडकी, आणि कितीही सारवलं तरी कोंड्याचा वास. त्या वासात गंधकाम्लाचा, स्पिरिटच्या दिव्याचा वास मिसळला की पोरं म्हणायची, गुरुजींच्या देवळात धूप लागला.

गुरुजी म्हणजे दादाजी गुरनुले. विज्ञानाचे मास्तर. अंगात बारा महिने एकच राखी कोट. दिवसा परीक्षानळ्या धुवाव्यात आणि एकादशीला मारुतीच्या देवळात हेडमास्तर गुणवंतराव कीर्तनाला उभे राहिले की त्यांच्या मागं टाळ धरावा, एवढंच त्यांचं जग. गुणवंतरावांनीच त्यांना नोकरीला लावलं होतं. काय त्यांचा गळा, काय ते आख्यान! पूर्वरंगात हसवायचे, उत्तररंगात रडवायचे. कपाळाला बुक्का लावून घेताना दादाजी दर वेळी खाली वाकायचे, आणि हे वाकणं पांडुरंगापुढं की गुणवंतरावांपुढं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रयोगाचे नियमही त्यांनी कीर्तनासारखे बसवले होते. टाळी वाजवून सारा वर्ग आधी म्हणायचा, "आधी पाणी, मग तेजाब, काठाकाठानं, थेंबाथेंबानं." तेजाबात पाणी ओतलं की ते उसळून तोंडावर येतं, म्हणून पाण्यात तेजाब, हे झोपेत विचारलं तरी पोरांनी सांगावं. बाटलीला नाक लावायचं नाही, हातानं वारा घेऊन वास घ्यायचा. आणि प्रयोगवहीचा नियम सगळ्यात कडक. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि खरं ते वर लिहायचं. दादाजी म्हणायचे, पुसलेली चूक जात नाही पोरांनो, ती घरात राहायला येते.

या नियमांवर सगळ्यात जास्त जीव होता धुरपताचा. जंगलातल्या गावची, नववीत शिकणारी, वर्गातली एकुलती एक मुलगी. बाप लच्छू मोहफुलं, चारोळी गोळा करायचा. तिचं अक्षर डावीकडं कललेलं, वाऱ्यात धान झुकावं तसं. पोरं चिडवायची की धुरपताच्या ओळी घराकडं पळतात. ती म्हणायची, "पळू दे. आकडे तर जाग्यावर हायेत ना? तुमचे पाय पळतेत."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, एक ऑक्टोबरला, गुणवंतरावांनी दादाजींना चांद्याला पाठवलं. काकड्यासाठी मृदंगाला नवी शाई भरून आणायची होती. दादाजी मूलहून गाडीनं गेले, रात्री तिथंच राहिले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मृदंग छातीशी धरून परत आले. शाळेच्या पायरीवर गुणवंतराव बसलेले. डोळे लाल.

त्यांनी सांगितलं, आदल्या दिवशी दुपारी शाळा पाहायला कमिटीची माणसं आली होती. प्रयोग दाखवायचा म्हणून धुरपताला पुढं केलं. तिनं घाईत तेजाबातच पाणी ओतलं. डोळे गेले, उजवा हात गेला. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली.

दादाजींनी मृदंग खाली ठेवला. गुणवंतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कीर्तनातल्या त्या ओल्या आवाजात म्हणाले, "रिपोर्ट आजच गेला पाहिजे. विज्ञानाचा मास्तर नसताना प्रयोग झाला असं कळलं, तर प्रयोगशाळेला कुलूप लागेल. तुम्ही फक्त 'माझ्या समक्ष' एवढे दोन शब्द घाला. बाकी सारं खरंच आहे."

दादाजींनी लिहिलं. 'माझ्या समक्ष विद्यार्थिनीने नियम मोडून आम्लात पाणी ओतले.' खाली सही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी न पाहिलेलं निरीक्षण लिहिलं होतं. त्या रिपोर्टावर धुरपताचं नाव शाळेतून कमी झालं.

दिवाळीनंतर शाळा उघडली. नववीत आता बावीस पोरं. पहिल्या प्रयोगाच्या वह्या तपासायला घेतल्या, तर गठ्ठ्यात तेवीस निघाल्या. तेविसावी धुरपताची. कालचाच प्रयोग, मेणाचा वितळणबिंदू, तिच्या कललेल्या अक्षरात. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. बावीस पोरांनी पुस्तकातला आकडा उतरवला होता. तिनं दोन अंश कमी लिहिला होता. दादाजींनी उष्णतामापक पुन्हा लावून पाहिला. तिचा आकडा बरोबर होता.

कोणीतरी थट्टा केली असणार. त्यांनी वर्गाला दरडावलं. पोरं शपथा घेऊ लागली. वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली तुळशीच्या माळेसारखी कायम त्यांच्या गळ्यात.

पुढच्या आठवड्यात लिटमसचा प्रयोग झाला. कपाट उघडलं. वहीत लिटमसचा प्रयोग लिहिलेला. शेवटी जास्तीचं एक निरीक्षण होतं: 'गुरुजींनी आज तीनदा हात धुतले. हाताला काही लागलेले नव्हते.'

धुतले होते खरे. का धुतले, ते त्यांना आठवेना.

मग त्यांनी मागची पानं चाळली. एक ऑक्टोबरचं पान कोरं असायला हवं होतं. कोरं नव्हतं.

'गुरुजी गैरहजर. कृती हेडमास्तरांनी सांगितली. मी पात्रात आधी पाणी घेतले होते. ते त्यांनी फेकले व तेजाब ओतले. म्हणाले, पाहुणे खोळंबले, ओत पाणी. मी दोनदा नियम सांगितला. तिसऱ्यांदा ते ओरडले. मी ओतले.'

कोठीत दुपारचं ऊन आलं होतं. बाहेर पोरं कबड्डी खेळत होती. दादाजींनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ज्या गळ्यानं आपल्याला देव दाखवला, त्याच गळ्यानं त्या पायरीवर आपल्याकडून ते दोन शब्द लिहवून घेतले.

रविवारी सायकल काढून ते धुरपताच्या गावी गेले. सागाच्या जंगलातून अर्ध्या तासाची वाट. लच्छूनं खाट टाकली, पाणी दिलं. त्यानं शिक्षण खात्याकडं अर्ज केला होता. मूलच्या पोस्टमास्तरनं लिहून दिला म्हणाला. दुसरं काही मागणं नव्हतं, शाळेच्या पुस्तकात पोरीचं नाव परत चढावं. "डोरे तर देवानं नेले, गुरुजी. नाव तर नाई नेलं ना देवानं? ते तर मानसानंच काटलं."

धुरपता दारात बसली होती. डोळ्यांवर पट्टी. उजव्या हाताची बोटं एकमेकींना चिकटलेली. त्या हातात काडीसुद्धा धरता येत नव्हती. तिची माय रुखमा मात्र एका गोष्टीनं घाबरली होती. घरात दौत नाही, टाक नाही, आणि पोरीची ती चिकटलेली बोटं सकाळी निळी असतात. राखेनं घासावी लागतात.

दादाजींनी वहीचं विचारलं. ती म्हणाली, "वही तर शाळेतच हाय, गुरुजी." मग पट्टीआडून नीट त्यांच्याकडं तोंड करून तिनं विचारलं, "तुमी खरं लिवलं ना? लोक म्हनतेत, गुरुजीनं उलटं लिवलं. म्या म्हनलं, आमचे गुरुजी न पाह्यलेलं लिवत नाईत."

आता सांगायला हवं होतं. वाट मोकळी होती. पण लच्छू हात जोडून उभा होता.

"खरंच लिहिलं, बाई," ते म्हणाले.

धुरपता हळूच म्हणाली, "तुमचा हात बरा झाला का, गुरुजी?"

"माझ्या हाताला काय झालंय?"

"काई नाई. उगीच इचारलं."

परतीच्या वाटेवर त्यांनी ठरवलं. लच्छूच्या अर्जावरून चौकशीला खात्याचे साहेब येणारच होते. तिथं सगळं सांगायचं. नोकरी गेली तर गेली. खिशातल्या टिपणवहीत त्यांनी चांद्याच्या गाडीचं तिकीट जपून ठेवलं होतं, खूण म्हणून. काढून पाहिलं. एक ऑक्टोबर. छाप ठसठशीत होता.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ते गुणवंतरावांकडं गेले. एकादशी होती, हेडमास्तर पंचा नेसून आख्यानाची तयारी करत होते, सत्यवचनी राजाचं. दादाजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि उद्या आपण काय बोलणार तेही सांगितलं. गुणवंतराव रागावले नाहीत. त्यांनी टाळांची जोडी पुढं सरकवली.

"एका पोरीपायी दोनशे पोरांची शाळा बुडवाल, दादाजी? पाहा बाप्पा. मी तर म्हणतो, त्या दिवशी तुम्ही तिथं होते."

"मी चांद्याला होतो. तुम्हीच पाठवलं."

"लिहून तर तुम्हीच दिलं," गुणवंतराव मायेनं म्हणाले. "तुमच्या अक्षरात."

त्या एकादशीला देवळात टाळ वाजला नाही. गुणवंतराव मात्र असे रंगले, की राजानं सत्यासाठी राज्य सोडलं तेव्हा बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले.

सकाळी साहेब आले. प्रयोगशाळेतच टेबल मांडलं. दादाजींनी काही लपवलं नाही. आपण हजर नव्हतो, रिपोर्ट खोटा आहे, पोरीची चूक नाही. धडाधड सांगून टाकलं.

साहेबांनी गुणवंतरावांकडं पाहिलं. गुणवंतराव खाली मान घालून, जड आवाजात म्हणाले की गुरनुले मास्तर हजर होते. पाणी ओतायला त्यांनीच सांगितलं. इतके दिवस आपण त्यांना पाठीशी घातलं, ही आपली चूक.

मग पोरांना एकेक करून बोलावलं. चैतू आला, झिंगू आला, डोमा आला. दादाजींनी ज्यांना टाळी वाजवून नियम शिकवले, ती पोरं. प्रत्येकानं तेच सांगितलं. गुरुजी होते. धुरपताच्या बाजूलाच उभे होते.

पढवलेली पोरं जमिनीकडं पाहून बोलतात. ही पोरं त्यांच्याकडं पाहून बोलत होती. डोमा तर रडत होता. "गुरुजी, तुमी असे काऊन म्हनता? तुमाले बी तर भाजलं होतं."

दादाजींनी टिपणवही काढली. तिकीट साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी चष्मा लावला. तिकीट उजेडात धरलं. उलटंपालटं केलं.

"हे दोन ऑक्टोबरचं आहे," ते म्हणाले. "गांधी जयंती. सुट्टीच्या दिवशी गेलात तुम्ही."

दादाजींनी ते परत घेतलं. छाप ठसठशीत होता. दोन.

साहेबांनी कागदावर लिहिलं. मुलीचं नाव पुन्हा चढेल. गुरनुले मास्तरांविरुद्ध खातं पाहून घेईल. दाराशी उभ्या लच्छूनं सगळं ऐकलं होतं. तो दादाजींजवळून गेला, पण हात जोडले नाहीत.

सगळे गेले. कोठीत कोंड्याचा वास उरला.

दादाजींनी गळ्यातली किल्ली काढली. कपाट उघडलं. एक ऑक्टोबरचं पान.

'गुरुजी गैरहजर' या शब्दांवर एक सरळ रेघ मारलेली होती. खालचं नीट वाचता येत होतं. वर, त्याच कललेल्या अक्षरात, लिहिलं होतं: 'गुरुजी हजर. त्यांनी स्वतः तसे लिहून दिले, व मला तोंडी सांगितले.'

खाली शिक्षकाच्या सहीची जागा मोकळी होती.

त्यांना एकदम उकडायला लागलं. त्यांनी राखी कोट काढला आणि खिडकीच्या खुंटीला अडकवला.

उन्हात उजव्या बाहीवर पाच बारीक ठिपके चमकले. त्यांनी बाही हातात घेतली. ठिपके नव्हते, भोकं होती. कडा तपकिरी, कुरतडल्यासारख्या. तेजाबानं पडतात तशी.

त्यांनी सदऱ्याची बाही सावकाश वर केली.

पाच डाग होते. जुने, भरून आलेले.