इंजिनघरातली चार भोकं

इंजिनघरातल्या जाड लोखंडी फासळीवर चार भोकं होती आणि पाटी नव्हती.

हेडबाईंनी टॉर्च जवळ नेला. "घाईचं काम नाही. अगदी निगुतीने काढली आहे."

"माझ्याकडे बघू नका," मागून मिस्त्री उखडला. खाली पडलेला स्क्रूड्रायव्हर त्याचाच होता.

सकाळ होडीपासूनच बिघडली होती. आगबोट तलावाच्या मध्यावर नांगरलेली, आणि तिथवर जायला मंडळाची एकच होडी. आज ती लांबलचक दोरावर मोकाट हेलकावत धक्क्याच्या पायऱ्यांवर आपटत होती. गाठ पक्की, दोर मात्र ढिला. कडेचा रंग पार खरवडला होता. वल्ही मारता मारता मिस्त्रीने बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

पाटी गेली म्हणजे आगबोट गेली. तलाव नौका इतिहास मंडळाकडे फोटो होते, तिकिटं होती, सुकाणूची चाकं होती. पाण्यावर तरंगणारी अशी ही एकच म्हातारी उरली होती. जलखात्याला ती भंगारात काढायची होती. पत्रे बदललेत, बॉयलर बदललाय, मग ही जुनी बोट कशावरून? त्या प्रश्नाला मंडळाकडे एकच उत्तर होतं: मूळ सांगाड्याच्या फासळीवरची, बोट बांधणाऱ्या कारखान्याची पितळी पाटी. ती बघायला खात्याचे साहेब आज दुपारी येणार होते. पाटी दिसली तर बोट राहणार, नाहीतर तिला गॅस कटर लागणार.

"पोलिसांना सांगू या?" मिस्त्रीने विचारलं.

"ते जबाब घेईपर्यंत बोट कापून होईल. चला परत."

हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, स्वभावातून नाही. त्यांचे वडील याच आगबोटीच्या सुकाणूवरचे सारंग होते. ती मोडायची तर आधी त्यांना मोडावं लागलं असतं.

जुन्या तिकीटघरात मंडळाची कचेरी होती. इंजिनघराची चावी तिथल्या दारामागच्या खिळ्याला असे. बाईंखेरीज ही जागा तिघांना ठाऊक होती: मिस्त्री, मंडळाचे वकील आणि अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म समुद्रावरच्या मालवाहू जहाजांवर काढलेला, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणत. आज साहेब येणार म्हणून वकील आणि कप्तान आधीच येऊन बसले होते, आणि कप्तानांची बायको, बाईंची अक्का, कोपऱ्यात फोटोंच्या काचा पुसत होती.

"मिस्त्री, मागच्या सभेत काय म्हणालात?"

"खात्याच्या हाती देण्यापेक्षा पाटी उपटून घरी नेईन, म्हणालो. म्हणालो फक्त! रागात माणूस बायकोला सोडून जाईन असंही म्हणतो."

"काल संध्याकाळी पाटी जागेवर होती. रात्री कुठे होतात?"

"घरी, घोरत. बायकोला विचारा, तिची झोप मोडली असेल."

बाई वकिलांकडे वळल्या. "तुम्ही तर उघडच म्हणता, बोट सोडा."

"आजही म्हणतो. खातं काठावर नवा हॉल देतंय, तो घ्या. पण मी एकटा होडीत बसणार? मला बादलीतल्या पाण्याचीही धास्ती वाटते." हे खोटं नव्हतं. गाठींशीही त्यांचं वाकडं होतं. बुटांनासुद्धा नाडी नव्हती.

"काय मेहुणीबाई, आता माझी उलटतपासणी?" कप्तान हसले.

"सगळ्यांचीच, भावोजी."

"गुडघ्यांनी असहकार पुकारलाय. पंधरवड्यात होडीत पाय ठेवला नाही. आणि आता हट्ट सोड. पाटी गेली, लढाई संपली. हॉल तरी पदरात पाडून घेऊ."

"पाटी गेल्याचं आत्ता कुठे कळतंय, आणि तुम्ही हॉलपर्यंत पोचलातही? चला, सगळे बोटीवर. पुन्हा शोधू."

कप्तान कुरकुरत निघाले. अक्काही आली.

आगबोटीच्या शिडीला मिस्त्रीने होडी बांधली. दोर इतका आखूड की मध्ये हात घालायला जागा नव्हती. होडी जागची हलली नाही.

बोटीवर काहीच सापडलं नाही. परतताना धक्का आला तसा बाईंनी दोर वकिलांच्या हातात दिला. "बांधा."

वकिलांनी तो सापाची शेपूट धरल्यासारखा धरला आणि पाण्यात सोडला.

"अरे, आण इकडे!" कप्तानांना राहवलं नाही. त्यांनी दोर ओढून घेतला, टुणकन पायरीवर उतरले, उकिडवं बसून खुंटाला झकास गाठ मारली आणि हात झटकले. सगळे उतरले. रिकामी होडी दूर सरकली, वळली आणि धाडकन पायऱ्यांवर आपटली.

"भावोजी, पाटी कुठे आहे?"

कप्तानांचं हसू मावळलं. "ही काय थट्टा?"

"सकाळी होडी अशीच आपटत होती," बाई म्हणाल्या. "गाठ पक्की होती, म्हणजे वकीलसाहेब नव्हेत. मिस्त्री कशी बांधतात ते मघाशी पाहिलं. तलावावर वाढलेला माणूस दोर ढिला ठेवत नाही. ढिला कोण ठेवतो? ज्याच्या बंदरात ओहोटीला पाणी पुरुषभर खाली उतरतं तो. तिथे दोर आखूड ठेवला तर होडी खुंटाला लटकते. जन्माची सवय आहे, हात तुम्हाला विचारत बसला नाही. तलावाला भरती-ओहोटी नसते, भावोजी."

"एका दोरावरून मला फासावर देतेस?"

"पंधरवडाभर संपावर असलेले गुडघे आत्ता उकिडवे बसले. हूं की चूं केलं नाही त्यांनी. आणि मिस्त्रींचं रागातलं बोलणं ऐकून तुम्ही त्यांचा स्क्रूड्रायव्हर तिथे टाकलात. चोरीपेक्षा मला ते जास्त झोंबलं."

"अहो, खरं का हे?" अक्काने विचारलं.

कप्तानांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे पडले.

"पाण्यात नाही टाकली. ते माझ्याने झालं नाही. घरी पेटीत आहे, गणवेशाखाली." मग एकदम आवाज चढला. "खात्याशी माझं बोलणं झालंय! पाटी नसली की हॉल आपला. तू लढत बसलीस तर बोटही जाईल आणि हॉलही. मी मंडळ वाचवत होतो!"

"बोट कापू देऊन? मग त्या हॉलमध्ये काय मांडणार होतात, आमची तोंडं?" बाईंनीही आवाज खाली आणला नाही. "हरायचंच तर लढून हरलो असतो. तुम्ही आम्हाला न विचारता हरवायला निघालात."

वकीलसुद्धा खाली बघू लागले. अक्काने नवऱ्यापुढे हात पसरला. "पेटीची किल्ली द्या."

साहेब आले तेव्हा मिस्त्री आणि अक्काला पाटीसह आगबोटीवर सोडून बाई होडी घेऊन धक्क्यावर परतल्या होत्या. "पाटी नाही असं ऐकलं," ते म्हणाले.

"ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. होडीत बसा."

इंजिनघरात मिस्त्री शेवटचा स्क्रू आवळून बाजूला झाला. साहेबांनी चष्मा पुसला, पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"ठीक आहे. बोट राहील. पण खातं वर दाद मागेल, सांगून ठेवतो."

"मागा. आम्ही इथेच आहोत," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागद पुढे केला. "अध्यक्षांची सही लागेल. कप्तान कुठे आहेत?"

बहिणीच्या संसाराचं काय होईल, या विचाराने बाई अडखळल्या. तेवढ्यात अक्काच पुढे झाली.

"ते राजीनामा लिहायला बसलेत," ती म्हणाली. "सही माझी बहीण करील."