काळ्या चष्म्याआडचा मामा

"हिची आई कुठंय?" प्रयोगशाळेचं दार उघडताच तिने विचारलं. कारण आठ महिन्यांची ठमी ठरल्या वेळी आली होती खरी, पण ती होती एका उंच तरुणाच्या कडेवर, आणि त्याच्या बाह्यांना पीठ लागलेलं होतं.

"ताई तापाने फणफणलीये. मामा चालेल का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं... आणि उगाचच केस कानामागे सारले. चालेल, म्हणाली.

बोलता न येणारी बाळं जगाची वर्गवारी कशी करतात, हे ती शोधत होती. टीव्हीवर मांजरामागून मांजर यायचं — काळं, पट्ट्यांचं, झोपलेलं. बाळ कंटाळून मान वळवायचं. मग अचानक कुत्रा. तो बाळाने टक लावून पाहिला, तर समजायचं, त्याने मनात मांजरांचा वेगळा कप्पा केलाय. बाळाला मांडीवर घेणाऱ्याने मात्र ठार काळा चष्मा लावायचा. नाहीतर तो दचकला की बाळही दचकतं. ती स्वतः पडद्याआड बसून कॅमेऱ्यातून बाळाची नजर मोजायची.

ताईचा ताप उतरला, तरी दर आठवड्याला मामाच येत राहिला. बेकरीतलं काम दुपारी संपतं, हे त्याने न विचारता सांगून टाकलं. मुलं जरा मोठी झाली की पायवाले एकीकडे आणि चाकवाले दुसरीकडे करतात, हे तिनेही न विचारता सांगितलं. मग उठायचा आळस म्हणून दिवसभर चाकाच्या खुर्चीवरून घरंगळणारे आमचे मालक कुठे टाकायचे, असं त्याने गंभीरपणे विचारलं. ती हसली, आणि हसू अर्ध्यावरच गिळलं. अभ्यास चालू असेपर्यंत बाळांच्या घरच्यांशी कामापुरतंच बोलायचं, असा नियम होता. अभ्यास संपायला अजून वर्ष होतं.

आणि आज ठमीची शेवटची फेरी. यानंतर मामा येणार नव्हता.

कुत्रा आला. ठमी टीव्हीकडे बघेचना. ती मान वर करून मामाला न्याहाळत होती. चष्मा कपाळावर चढवून तो पडद्याच्या फटीकडे बघत होता.

ती पडद्याआडून बाहेर आली. "चष्मा का काढलात?"

"तुम्ही दर वेळी आम्हाला बघता, मला मात्र नुसता काळोख. शेवटच्या दिवशी तरी..."

तिने चित्रफीत अभ्यासाच्या प्रमुख मॅडमकडे नेली. नोंद रद्द करावी, असं तिला वाटत होतं. पण ते विज्ञानाला वाटत होतं की तिलाच, याचा भरवसा नव्हता. मॅडमनी पाहिलं आणि एका शब्दात निकाल दिला. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, तू एवढी का चुळबुळतेयस?

"ठमी बाद," परत येऊन तिने सांगितलं. "आधीच्या फेऱ्यांसकट. एक बिघडली की सगळ्याच जातात."

त्याचा चेहरा पडला. एवढी मेहनत माझ्यामुळे वाया गेली, असं पुटपुटत तो माफी मागू लागला. गेलीच होती. आता नवं बाळ शोधायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात... तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि तरीही तिने पुन्हा केस कानामागे सारले.

"म्हणजे... तुम्ही आता अभ्यासात नाही," ती म्हणाली. "काही विचारायचं असेल तर विचारू शकता."

त्याने ठमीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"काहीही?"

"लवकर विचारा."

"मला तुम्ही पहिल्या दिवसापासून आवडता. तुम्हाला मी—"

"हो," ती म्हणाली.