टाक्यावरचे कुलूप

ही हकीकत खरी आहे. पैंजणांचा आवाज, पांढरे लुगडे, पिंपळावरचा दिवा, असले काही ज्यांना हवे असेल त्यांनी पुढे वाचून वेळ दवडू नये. येथे रात्रसुद्धा नाही. जे घडले ते भर दुपारी घडले, आणि माझ्या पणजोबांनी ते त्याच दिवशी शाईने वहीत टिपून ठेवले. ती वही माझ्याकडे आहे.

साल १८८९. वैशाख महिना. कोलशेतची खाडी.

खाडीकाठी जुन्या लढायांतला एक बुरूज उभा होता. त्याच्याच ढासळलेल्या दगडांतून शेजारी सरकारी मुसाफरी बंगला बांधला होता. पणजोबा, म्हणजे त्र्यंबकराव, तेथे पंधरा दिवसांसाठी उतरले. वय सव्वीस. पुण्यात ओव्हरसियरची परीक्षा पहिल्या वर्गात पास. नवा धक्का बांधायचा होता, म्हणून दर अर्ध्या तासाला भरती-ओहोटीची उंची टिपणे हे त्यांचे काम.

जे मोजता येत नाही ते त्यांच्या लेखी नव्हते. आणि ज्यांना मोजता येत नाही, ती माणसेही जवळजवळ नव्हतीच.

बंगल्यात पिण्याच्या पाण्यासाठी अंगणात एक लहान दगडी टाके होते. पावसाचे पाणी त्यात साठवायचे आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे. त्र्यंबकरावांनी पहिल्याच दिवशी इंचांच्या खुणा केलेली काठी त्यात बुडवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी राखणदाराला हाक मारली.

"महिपत, रोज अर्धा इंच पाणी जास्त उतरते. म्हणजे दोन घागरी. कोण चोरतो?"

"चोरी नाय, रावसाहेब. मीच नेतंय. बुरजावं."

"कोणासाठी?"

"जे हायेत, त्यांच्यासाठी."

मग गावात सांगतात ते त्याने सांगितले. वेढ्यात सतरा शिपाई बुरुजावर अडकले. तीन बाजूंना खारे पाणी, चौथीला शत्रू. तहानेने एकेक करून गेले. महिपतच्या आज्यापासून रोज मध्यान्हीला दोन घागरी गोडे पाणी बुरुजाच्या पायरीवर ओतायचा नेम होता.

"मेलेल्यांना तहान लागते, हे तुला कोणी सांगितले? त्यांनी?"

महिपतची बायको गंगुबाई चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

"सांगायला तोंड वलं लागतं, रावसाहेब."

त्र्यंबकराव मोठ्याने हसले. त्यांनी टाक्याला कुलूप घातले आणि किल्ली जानव्याला बांधली. घरात लागेल तेवढे पाणी ते स्वतः मोजून देऊ लागले.

दुसऱ्या दिवशीही पाणी अर्धा इंच जास्त उतरले...

गळती असेल, असे त्यांनी मानले. पण गळती दिवसभर चालते. त्यांनी दर अर्ध्या तासाला काठी बुडवली. सकाळी पाणी स्थिर. संध्याकाळी स्थिर. साडेअकराला एकतीस इंच. साडेबाराला साडेतीस.

उतरत होते ते फक्त मध्यान्हीला.

"दुसरी किल्ली कुठे लपवली आहेस?"

"माज्याकरं किल्ली नाय. बावीस वर्सं हतं, या बंगल्यावं हाय मी. कोनी चोर नाय बोललं."

"आता मी म्हणतो."

महिपतची झोपडी, चूल, बावीस वर्षांचे नाव, सगळे त्या अंगणात होते. त्र्यंबकरावांनी वरिष्ठांना पत्र लिहिले: राखणदार पाण्याची चोरी करतो, तो दूर करावा. हुकूम यायची वाटही त्यांनी पाहिली नाही. त्याला जायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे होडीत बसून गावाकडे गेली. जाताना गंगुबाई एवढेच म्हणाली, "आमी देत व्हतो. आथां तुमी द्या."

त्र्यंबकरावांनी कुलुपावर लाख ओतून आपल्या अंगठीचा ठसा उठवला, आणि बाराच्या ठोक्याला ते झाकणावरच मांडी घालून बसले. अंगणात दुसरे कोणी नव्हते. ओहोटी लागली होती. ऊन पांढरे पडले होते.

कावळे गप्प झाले...

वारा पडला...

आणि त्यांच्या मांडीखालून, झाकणाच्या आतून, आवाज आला.

घोट.

कोणीतरी घाईघाईने, श्वास न घेता पाणी पीत होते. मग थांबले. मग दुसरे कोणीतरी पिऊ लागले. हा घसा वेगळा होता.

भीतीने माणूस पळतो. त्र्यंबकराव मोजत राहिले.

सतरा.

लाख शाबूत होती. कुलूप उघडले. काठी बुडवली. अर्धा इंच.

आता सरळ मार्ग एकच होता: दुसरे पत्र लिहून महिपतला परत बोलावणे. पण कारण काय लिहायचे? गळती आहे, हे त्यांचेच आकडे खोडून काढत होते. आणि खरे लिहिले, तर कचेरीतला शिपाईसुद्धा हसला असता. दोन दिवस ते कोऱ्या कागदासमोर बसून राहिले. असल्या हुशारीला काय म्हणावे, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

तिसऱ्या दुपारी ते पुन्हा झाकणावर बसले.

सोळा... सतरा...

मग बराच वेळ काही नाही. ते उठणार, तोच...

अठरा.

हा घोट घाईचा नव्हता. लहान होता, संकोचून घेतल्यासारखा.

मोजण्यात चूक झाली, असे त्यांनी वहीत लिहिले. आयुष्यात प्रथमच. त्या रात्री त्यांनी पत्र लिहिले. राखणदार निर्दोष आहे, चूक माझी. कारण लिहिलेच नाही. सकाळी ते पत्राची नक्कल घेऊन स्वतः गावात गेले.

गंगुबाई ओट्यावर बसली होती. कपाळ मोकळे होते.

"कधी?" त्र्यंबकरावांनी विचारले.

"काल. सूर्य डोक्यावं आला तवा."

"ताप होता?"

"ताप कसला? पानी चोरलं, बोललाव ना तुमी? त्या दिसापासून त्यानं पानी तोंडाला लावलं नाय. मी पाया परले. नाय म्हंजे नाय."

त्र्यंबकरावांच्या हातातला कागद तसाच राहिला. मग ती त्यांच्याकडे पाहून अगदी शांतपणे म्हणाली, "लय ऊन हाय, रावसाहेब. पानी देऊ?"

ते पाणी ते प्याले की नाही, हे वहीत नाही.

पुढचे आहे. मुक्कामाचे उरलेले दिवस त्र्यंबकराव स्वतः खांद्यावर घागरी वाहत होते. बदली ठाण्याला झाली, मग कल्याणला. पण वहीतली नोंद चालूच राहिली. घरातला रांजण, मध्यान्ह, किती जण प्याले. तेहेतीस वर्षे, एकही दिवस न चुकता. प्रत्येक नोंदीपुढे एकच आकडा आहे.

अठरा.

शेवटच्या पानावर, ते गेले त्या दिवशी, पणजीने अडाणी अक्षरात तो आकडा लिहिला आहे. तो अठरा नाही.

इंचांच्या खुणा असलेली ती काठी डोंबिवलीच्या आमच्या घरात कपाटामागे उभी आहे. गच्चीवर आमची पाण्याची टाकी आहे. झाकणाला कुलूप आहे. मोजमापातच माझा जन्म गेला; काठी बुडवायला दोन मिनिटे लागतील.

मी बुडवलेली नाही.