रामघाटावर खारं पाणी

“समुंदर की मछली? मैडम, ये बनारस है!”

दुकानदार हसला, तशी दुकानातली आणखी दोघं-तिघंही हसली. मृणालिनीचे कान तापले. बाहेर पौषातलं धुकं इतकं दाट होतं, की गल्लीपलीकडचं पानाचं दुकानही दिसत नव्हतं... आणि ती इथे, बुडबुडे सोडणाऱ्या काचेच्या टाक्यांसमोर उभी राहून समुद्र मागत होती.

“आता आईला काय सांगू?” ती स्वतःशीच पुटपुटली.

“सांगा, मिळतो म्हणून. पण थांबावं लागतं.”

ती दचकून वळली. मफलर गुंडाळलेला एक उंच तरुण, खांद्यावर प्लास्टिकच्या नळीचं भेंडोळं टाकून उभा होता. बनारसच्या बाजारात, अशा अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी!

त्याचं नाव सुश्रुत. बँकेतून बदली होऊन इथे आलेला. भाड्याच्या घरात त्यानं हौसेनं खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती, प्रवाळांची.

“कोकणातले का तुम्ही?” तिनं विचारलं.

“छे! सोलापूरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत.”

“म्हणजे सोलापूरचा माणूस काशीत समुद्र विकतो?”

“विकायला आमच्याकडे चादरी आहेत. समुद्र मी नुसता लावतो... दह्यासारखा.”

कितीतरी दिवसांनी ती हसली. आणि हसता हसता एकदम तिचे डोळे भरून आले. मग तिथेच, माशांच्या खाद्याच्या डब्यांपाशी, तिनं त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं.

तिची आई विद्युल्लता मालवणची. लग्न होऊन रामघाटावर आली ती इथलीच झाली. नवरा वेदपाठशाळेत शिकवणारा. पाठशाळा सोडून त्यांना कधी निघता आलं नाही, आणि माहेरचा किनारा पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहूनच गेला. आता कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी ‘घरी न्या’ म्हटलं होतं. देशभरातून माणसं शेवटचा श्वास घ्यायला काशीत येतात, आणि काशीत जन्म काढलेल्या आईला शेवटी समुद्र हवा झाला होता. गाडीत बसवणंसुद्धा शक्य नव्हतं.

“किती वेळ आहे?” सुश्रुतनं हळूच विचारलं.

“होळी दिसणं कठीण म्हणतात.”

त्यानं खांद्यावरचं भेंडोळं खाली ठेवलं. “हे बघा... नव्या पाण्यात मासे लगेच सोडता येत नाहीत. माशांची घाण पचवणारे बारीक जीव आधी दगडांवर वाढावे लागतात. दीड-दोन महिने सहज लागतात.”

“तोवर आई—”

“म्हणून उद्याच सुरू करू.”

गल्ल्यांच्या वळणांतून एवढी मोठी काच येणं शक्य नव्हतं. म्हणून टाकी नावेतून आली. मोहन नाववाल्यानं ती गोधड्यांत गुंडाळून घाटावर उतरवली, चौघांनी पायऱ्यांवरून वर चढवली, आणि आईच्या खाटेसमोर, खालच्या खोलीत लोखंडी स्टँडवर ठेवली.

बाबा, शिवरामशास्त्री, दारातूनच बघत होते. “गंगा दारात असताना पाणी यंत्रातून गाळायचं?”

“काका, गंगेत समुद्राचे जीव जगत नाहीत,” सुश्रुत म्हणाला.

बाबा आत गेले.

मग रोज संध्याकाळी तो बँकेतून थेट येऊ लागला. पिंपात गाळलेलं पाणी, त्यात समुद्री मीठ. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं ढवळायचं. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, बोटं गारठलेली. दगड रचताना पाण्याखाली दोघांचे हात एकमेकांना लागायचे... आणि दोघंही दगडाकडेच बघत राहायचे, जणू काही झालंच नाही.

“तुमचा दगड कलतोय,” ती म्हणायची.

“दगड सरळ आहे. तुम्ही माझ्याकडे तिरकं बघताय.”

खाटेवरून आई खुदकन हसायची. हसलं की तिला कळ यायची, तरी हसायची.

एके दिवशी आईनं हात पुढे केला. मृणालिनीनं वाटीत टाकीतलं पाणी आणून तिची बोटं त्यात बुडवली. आईनं बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटून घेतले.

“आमचाच पाणी ह्या...” ती मालवणीत म्हणाली. इतक्या वर्षांत त्या घरात तिची ती भाषा कुणी ऐकलीच नव्हती. दारात उभे असलेले बाबा घाईघाईनं वळून गेले.

पण त्यानंतर आईचं खाणं सुटलं. दुखण्याची औषधं वाढली, झोप वाढली. आणि टाकीत अजून नुसते दगड.

“दोनच मासे आण ना,” मृणालिनी म्हणाली. आता ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. “लहानसे.”

“पाणी तयार नाही गं. तडफडून मरतील. ते मी काकूंना दाखवणार नाही.”

ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. त्याला न सांगता तिनं लखनौच्या एका दुकानातून पिवळाधमक मासा मागवला आणि सोडला. आईनं तो पाहिला, तिचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी मासा तळाशी आडवा पडून, कल्ले फेंदारून श्वास घेत होता. आई बघत होती. तिची नजर हलत नव्हती, आणि मृणालिनीला टाकीवर चादरही टाकवेना.

संध्याकाळी सुश्रुतनं मेलेला मासा जाळीत उचलला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“आईला थांबवता येत नाही, म्हणून तू पाण्याला घाई करतेस,” तो म्हणाला.

“चालता हो!” ती किंचाळली. “तुझं कोण मरतंय इथे?”

तो गेला. दुसऱ्या संध्याकाळी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

“त्याला बोलाव गे,” आई क्षीण आवाजात म्हणाली.

“कशाला? टाकून बोलला तो मला.”

“खरा बोललो तो. ह्या घरात सगळी माका ‘बरी होशील’ म्हणतत. तो तसा एकदाही म्हणाक नाय.”

मृणालिनी आईच्या उशाशी डोकं टेकून रडली. मग तिनं फोन लावला. 

“सुश्रुत... माझं चुकलं.”

“माझंही. बोलणं खरं होतं, पण वेळ चुकली.”

तो आला तेव्हा बाहेर माघातली भुरभुर लागली होती. छातीशी धरलेल्या डब्यात त्याच्या स्वतःच्या टाकीतला दगड होता, आणि त्या दगडावर त्यानं दोन वर्षं वाढवलेलं मऊ प्रवाळ. “हे चिवट आहे,” तो म्हणाला, “तग धरेल.”

टाकीत ठेवल्यावर मात्र ते मिटून बसलं. कातड्याच्या गोळ्यासारखं. रोज तिघंही बघायची; ते उघडेना. सुश्रुत रोज थोडं पाणी बदलायचा.

आणि मग एका दुपारी, शाळेत शिकवून घरी आलेली मृणालिनी दारातच थबकली. तो गोळा उमलला होता. शेकडो बारीक बोटं पाण्याच्या लाटेबरोबर डोलत होती. आई टक्क जागी होती. आणि बाबा, पोथी मिटून, तिच्या शेजारी खाटेवर बसले होते, तिचा हात हातात घेऊन.

“फूल आहे का हे?” बाबांनी विचारलं.

“प्राणी आहे, बाबा. खूप सारे मिळून एक.”

“तुला घेऊन जायला हवं होतं मी,” बाबा आईला म्हणाले. आईनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कुणाला कळलं नाही.

त्याच आठवड्यात ती गेली. मणिकर्णिकेवर सुश्रुत मागे, गर्दीत उभा राहिला. त्या कुटुंबात त्याची जागा कोणती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सुतकातही तो येत राहिला, कारण पाण्याला खाडा चालत नव्हता. “घरात गेलेलं माणूस, आणि हा नळ्या घेऊन फिरतोय!” सुतकाला आलेली आत्या कुजबुजली. “येऊ दे त्याला,” बाबा म्हणाले. “टाकीतलं ते जिवंत आहे.”

तेराव्यानंतर आत्या गेली, घर रिकामं झालं. मृणालिनी त्याला दारापर्यंत सोडायला आली. दोघांच्या मधे ओली छत्री, आणि बरंच काही न बोललेलं.

“टाकीचं सगळं मला येतं आता,” ती म्हणाली. “पाणी, मीठ, दिवे... तुला रोज यायची गरज नाही.”

“माहीत आहे.” तो छत्रीशी चाळा करत राहिला. “गरज केव्हाच संपली होती. मीच पाण्याचं निमित्त करत होतो. तुझ्या घरात मरण चाललं होतं, आणि मी... संध्याकाळची वाट बघायचो. लाज वाटते मला त्याची.”

 खाली नदीवर एक नाव वल्ह्यांचा आवाज करत निघून गेली.

“मीही बघायचे वाट,” ती म्हणाली. “आईजवळ बसून. तिला कळायचं सुद्धा. सुश्रुत, मला अजून खूप दिवस रडू येणार आहे. हसवायला म्हणून नको येऊस.”

“हसवायला नाही येणार.”

“मग ये,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली छत्री काढून घेऊन तिनं ती दाराआड, घरातल्या छत्र्यांजवळ ठेवून दिली.