धरून ठेवलेली झील

काम साधं होतं. आत्याला घेऊन यायचं, एवढंच.

ज्याचं हे काम होतं तो संजय माझा शेजारी. या ओट्यावरून निळ्या दाराचं घर दिसतं ना, ते त्याचंच. जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाचा हंगाम आला की माणूस बोलता बोलता डोळे मिटतो. तशाच दमलेल्या अंगानं तो गेल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला, गुरुवारी, काटा बंद झाल्यावर मोटारसायकलवरून गेवराईहून तलवाड्याकडे निघाला. तिकडे एका वस्तीवर, जुन्या विहाराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत, त्याची आत्या भामाबाई एकटी राहत होती. आणखी एक हिवाळा पत्र्याखाली काढला तर ही छाती उन्हाळा पाहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. संजय याआधी दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा रिकामा परतला होता.

"सर, रेकॉर्डर चालू ठेवू का?" माझी विद्यार्थिनी आम्रपाली विचारते आहे. ठेव. फक्त मधेच बॅटरी संपली तर ते भुताच्या माथी मारू नकोस.

गोष्ट कळायची तर त्या वस्तीचा हिवाळा माहीत हवा. संजयच्या लहानपणी दसरा झाला की थोरली माणसं ऊसतोडीला जात. मागे राहत ती म्हातारी माणसं आणि पोरं. भामाबाई तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या वस्तीवरच थांबत आणि दिवेलागणीला सगळ्या पोरांना विहारात बसवून गाऊन घेत. त्या ओळ द्यायच्या आणि पोरांनी झील धरायची. शहरात ज्याला कोरस म्हणतात, ती झील. तिचा नियम कडक असतो: मुख्य गाणारी शेवटची ओळ म्हणून गाणं मिटवीत नाही, तोवर झीलकऱ्यानं झील सोडायची नाही. संजय सांगतो, थंडीनं दात वाजायचे, हात काखेत दाबलेले असायचे, तोंडातून वाफ निघायची. पण सगळ्यांचा आवाज एक झाला, स्वतःचा वेगळा ऐकू येईनासा झाला, की थंडी जायची. आईची आठवणसुद्धा जायची. त्या सुखाबद्दल बोलताना या थकलेल्या माणसाचा चेहरा अजून उजळतो.

एका वर्षी हंगाम लवकर आटोपला. गाणं ऐन रंगात असताना बाहेर ट्रॅक्टर वाजला. "आले! आले!" झील तशीच टाकून पोरं ट्रॉलीकडे धावली. सगळ्यांचे आईबाप उतरले. संजयचे उतरले नाहीत. ते मागच्या ट्रॉलीत होते, आणि ती ट्रॉली वाटेतच उलटली होती. हे त्या पोराला कुणी सांगितलं नाही. तो निमूट विहारात परत गेला, आपल्या पोत्यावर बसला आणि एकटाच झील धरून राहिला. भामाबाईंनी त्याला उचलून घरी नेलं. ते गाणं मात्र त्या रात्री कुणीही मिटवलं नाही.

आता त्या गुरुवाराकडे येऊ.

वस्ती निम्मी ओस पडलेली. चांदणं लख्ख. भामाबाई जुन्या विहारात, भिंतीला टेकून बसलेल्या.

"कावून आलास रे एवढ्या थंडीचा?"

"न्यायला आलोय, आत्या. तिसऱ्यांदा. आता उचलूनच नेतो बघ."

"उचल की. कापसाचं गठुडं हाय का मी?" त्या हसल्या आणि बराच वेळ खोकत राहिल्या. मग म्हणाल्या, "येते. पर पोरं बसलेत. झील धरून बसलेत."

"कुठली पोरं, आत्या? बंकट पुण्यात हाय, सत्यशीला जालन्यात नांदती. समदे पन्नाशीला आले."

"ते मला नगं सांगू. आदी बस."

तो बसला. वाद घालण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं. भामाबाईंनी फाटक्या आवाजात ओळ दिली.

*उजाडू दे, बाई, उजाडू दे…*

आणि झील आली.

*…वाट दिसू दे.*

भिंतीच्या कडेनं. बसल्या उंचीवरून. पुष्कळ पोरांची.

संजयनं कान दिला. त्यानं एकेक आवाज ओळखला. बंकटचा घोगरा. सत्यशीलेचा चिरका. सगळी जिवंत माणसं… कालपरवा फोनवर बोललेली.

इथे तुम्ही विचाराल, मग हे भूत कुणाचं? मुंजा, हडळ, खवीस, यांतल्या प्रत्येकामागे मेलेलं माणूस असतं. आयुष्यभर भुतांच्या गोष्टी गोळा करून मी केलेली वर्गवारी त्यावरच उभी आहे. जिवंत माणसाच्या मागे राहिलेल्या आवाजाला तिच्यात जागा नाही. मी शोधली. आता शोधायचा थकलो आहे.

भामाबाईंनी शेवटची ओळ म्हटली. गाणं मिटवलं. आवाज थांबले.

एक थांबला नाही.

कोपऱ्यातला. बारीक. नाकात किंचित दाटलेला.

*…वाट दिसू दे.*

स्वतःचा आवाज माणसाला लगेच ओळखू येत नाही. संजयला आला.

"रोजचंच हाय," भामाबाई हळू म्हणाल्या. "बाकीचे उठून जातेत. ह्यो उठत न्हाई. म्या कितींदा मिटवलं… आईबाप येत न्हाईत, एवढं सांगायचं व्हतं त्याला. जमलं न्हाई मला. त्याला एकट्याला टाकून कशी येऊ?"

*…वाट दिसू दे.*

"तू सांग."

संजय उठला. कोपऱ्यात चांदणं पोचत नव्हतं. तो दोन पावलं गेला. थांबला. आवाज त्याच्या कमरेच्या खालून येत होता.

तोंड उघडलं.

सांगता आलं नाही त्यालाही.

*…वाट दिसू*

"चल," तो म्हणाला. "मी आलोय न्यायला."

झील थांबली.

मग पोत्यावरून कुणी उठावं, तशी खसखस. एवढीच.

भामाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गाठोडं बांधूनच ठेवलेलं होतं. मोटारसायकलवर त्या एका अंगाला बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं, आणि पार मागे सरकल्या.

"आत्या, पुढं सरक. पडशील."

"बरी हाय मी. तू चालव हळू."

वाटभर दंव पडत होतं.

गाडीचा आवाज ऐकून मी या ओट्यावर आलो. भामाबाई उतरून आत गेल्या. संजय गाडी स्टँडवर लावायला वाकला आणि दिव्याच्या उजेडात त्याची पाठ मला दिसली. लोकरी स्वेटर दंवानं पांढुरका झाला होता. फक्त मधोमध, कमरेच्या थोडं वर, एक गोल डाग काळपट ओला होता. तोंडाजवळच्या वाफेनं काच ओली होते, तसा.

मी हात लावला. सगळा स्वेटर बर्फासारखा गार होता.

तेवढी जागा कोमट होती.