निफाडच्या क्लासमधला रिकामा एंटर

विश्वास ठेवा असं म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी मी तिथे होतो.

डिसेंबर २००४. निफाड. सहा वाजताच हातपाय गारठलेले.

माझी मोठी बहीण सुवर्णा तिथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. एका मशिनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टिम होत्या. चालू केलं की आधी मेनू यायचा... कुठलं उघडायचं? खाली दहापासून उलटे आकडे.

त्या मेनूची फाईल तिच्यासोबत शिकवणारे नवनाथ सर नेहमी विंडोजच्या नोटपॅडमधून बदलायचे. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटरचं एक जादा चिन्ह चिकटायचं. विंडोजमध्ये ते दिसत नाही. लिनक्समध्ये ^M असं दिसतं. आणि मेनू अडकतो, आकडे सुरूच होत नाहीत; मग हाताने निवडून उघडावं लागतं.

"सर, ती फाईल नोटपॅडमध्ये उघडू नका हो," ताई म्हणायची.

"जे दिसत नाही त्याचा काय त्रास, मॅडम?" सर हसायचे.

नोव्हेंबरात सरांची गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळली. जागीच गेले.

महिनाभर ते मशिन कोणी लावलं नाही.

त्या डिसेंबरच्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा होती म्हणून, ताईने ते लावलं. मी तिला न्यायला आलो होतो. बाकी क्लास रिकामा.

मेनू अडकला. फाईलमध्ये ओळीओळीला ^M.

"जुनंच असेल," ताई म्हणाली. सगळे पुसले. मशिन पुन्हा चालू केलं.

नऊ... आठ... सात...

आकडे थांबले.

एकदा सुरू झाले की कोणी बटण दाबलं तरच ते थांबतात. आमचे दोघांचे हात शालीत होते.

फाईल उघडली. ^M परत आले होते.

"तू हात लावलास?"

"नाही, ताई."

तिने पुन्हा पुसले. या वेळी मी कीबोर्डची वायर काढली. कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलो.

नऊ... आठ...

खट.

माझ्या मांडीवर एंटरचं बटण खाली गेलं. मी बोटही लावलं नव्हतं.

आकडे थांबले होते.

ताईने माझ्या मांडीवरचा कीबोर्ड उचलला. मग तिने वायर जोडली. फाईल साफ केली आणि शेवटी एक ओळ लिहिली. पुढे # टाकला, म्हणजे मशिन ती वाचत नाही.

# सर, काही राहिलंय का

इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. सेव्ह केलं. मशिन बंद करून चालू केलं. या वेळी आकडे थांबले नाहीत.

फाईल उघडली.

सगळ्या ओळी स्वच्छ. फक्त ताईच्या प्रश्नाच्या शेवटी... ^M.

तिच्या प्रश्नानंतर कोणीतरी एंटर दाबला होता. खाली एक कोरी ओळ आली होती.

आम्ही बघत होतो. कर्सर त्या ओळीवर गेला. लुकलुकला... आणि एक घर पुढे सरकला.

मी प्लग उपटला.

आता ताई नाशिकला असते. कधीतरी मध्येच विचारते, "थोडं थांबायला हवं होतं का रे आपण?"

मी विषय बदलतो.

सरांची बायको, संजना वहिनी, अजून निफाडलाच आहेत. त्यांना आम्ही यातलं काहीच सांगितलेलं नाही.